सिरपूर तलावाचा काठ: पक्ष्यांसाठी किती आणि आपल्यासाठी किती?

तळवाट (इंदूर)

नमस्कार मंडळी.

थंडीच्या दिवसांत इंदूरच्या सिरपूर तलावावर सकाळी जी गर्दी जमते ती पाहून आनंद होतो आणि काळजीही वाटते. आनंद यासाठी, की धार रस्त्यालगतचा होळकरांच्या काळातला हा तलाव शहराने एकेकाळी जवळजवळ सोडून दिला होता. छायाचित्रकार पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांच्या ‘द नेचर व्हॉलंटियर्स’ या संस्थेतील सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला नसता, तर आज तेथे पाण्याऐवजी वसाहत दिसली असती. २०२२ मध्ये सिरपूरला आणि त्याच वर्षी इंदूरजवळच्या यशवंतसागर जलाशयालाही रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, २०२४ चा जागतिक पाणथळ दिन देशपातळीवर सिरपूरलाच साजरा झाला, आणि २०२५ च्या जानेवारीत उदयपूरबरोबर इंदूरला पाणथळ शहर म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. काळजी यासाठी, की मान मिळाला म्हणजे निधी येतो, निधी आला म्हणजे कामे निघतात, आणि तलावावर काम काढायचे म्हटले की सर्वांत आधी हात पडतो तो काठावर. दगडी पिचिंग (काठावर दगड बसवणे), पेव्हर ब्लॉक, कठडे, रंगीत दिवे आणि कारंजी ही यादी आपण सगळ्यांनी कोणत्या ना कोणत्या तलावावर पाहिलेली आहे.

माझे म्हणणे एकच आहे. सिरपूरमध्ये जे मोलाचे आहे ते बहुतांशी काठावर आहे, आणि हा काठ वर्षभर पुढेमागे सरकणारा एक रुंद पट्टा आहे. सुमारे १६१ हेक्टरांच्या या पाणथळीची खोली भर पावसाळ्यातही दोन मीटरच्या आसपासच जाते. पाणी उथळ, अल्कधर्मी आणि पोषकद्रव्यांनी भरलेले आहे. असा तलाव दिवाळीनंतर ओसरू लागतो तेव्हा चिखलाची रोज थोडी नवी पट्टी उघडी पडते, आणि त्या चिखलात कृमी, गोगलगायी, कीटकांच्या अळ्या, पाणवनस्पतींचे बी असे सगळे असते. हिमालयापलीकडून आणि मध्य आशियातून येणारी बदके आणि चिखलपक्षी नेमके याच महिन्यांत माळव्यात असतात. शेकाट्या आणि तुतवार घोट्याएवढ्या पाण्यात चरतात. थापट्या, चक्रांग आणि तलवार बदक शेपटी वर करून डोके बुडवतात, त्यामुळे त्यांची मान जेथवर पोहोचते तेवढेच पाणी त्यांच्या उपयोगाचे असते. बुडी मारणाऱ्या छोट्या लालसरीला मात्र खोल पाणी लागते. ही लालसरी आज जगभर संकटात आहे, आणि सिरपूरच्या रामसर माहितीत पांढरे गिधाड व नदी सुरय यांच्याबरोबर तिचे नाव आवर्जून आलेले आहे.

आता या काठाला उभी दगडी भिंत घातली तर काय होते ते पाहा. पाणी भिंतीला लागते, आणि ओसरले तरी भिंतीच्या पायथ्याशीच खाली उतरते. चिखलाची पट्टी उघडी पडत नाही, पाण्यात उतरणारे गवत राहत नाही, आणि पिल्लांना पाण्यातून वर येण्यासाठी उतार उरत नाही. तलाव भरलेला आणि नीटनेटका दिसतो, फोटोही चांगला येतो, पण वर सांगितलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक पक्ष्यांना तेथे करण्यासारखे काही राहत नाही.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे, की काठाची उघड वाटणी व्हावी. मातीची पाळ ही माणसांची बाजू मानावी आणि तेथे जे करायचे ते मनापासून, चांगल्या दर्जाचे करावे: देशी झाडांची सावली, बसायला जागा, पाण्याकडे फटी ठेवलेल्या निरीक्षण कुट्या, आणि कोणत्या महिन्यात काय दिसते ते सांगणारे फलक. पाणी जेथून आत येते ती उताराची बाजू पक्ष्यांची मानावी, आणि तेथे रस्ता, दिवा, फरसबंदी यांपैकी काहीही होऊ नये. ऑक्टोबर ते मार्च त्या बाजूला कोणीही जाऊ नये; कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांनाही सवलत नको. पाण्यात नौकाविहार नको आणि वरून ड्रोन नको.

नागरिकांतर्फे एक निवेदन तयार करण्याचा विचार आहे. त्याआधी आपली मते, विशेषतः विरोधी मते, येथे यावीत.

धारनाका (इंदूर)

तळवाट, आपले विवेचन पटले, तरी काही गोष्टी स्पष्टपणे मांडते. मी तलावाजवळच राहते. आमच्या बाजूच्या दाट वस्तीत मोकळी हवा मिळण्याचे ठिकाण म्हणजे हा तलाव. तेथे येणारे सगळेच पक्षी पाहायला येत नाहीत. कोणी मधुमेहासाठी चालायला येतो, कोणी सुनेच्या बाळाला बाबागाडीतून फिरवायला येते, कोणी नुसतेच दहा मिनिटे शांत बसायला येते. यांना बाहेर ठेवून केलेले संरक्षण टिकणार नाही, कारण उद्या एखाद्या बिल्डरची नजर या जागेवर पडली तर आवाज उठवायला हीच माणसे लागणार आहेत.

माझ्या सासूबाई चाकाच्या खुर्चीत असतात. त्यांना कमळपक्षी पाहायची फार हौस आहे. मुरमाच्या वाटेवर पावसाळ्यानंतर खुर्ची ढकलता येत नाही, चाक रुतते. मग पक्क्या वाटेला सरसकट विरोध करताना अशा माणसांचा विचार कोणी करायचा? दुसरी गोष्ट प्रसाधनगृहाची. बायका सकाळी दोन-तीन तास थांबू शकत नाहीत, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. तिसरी गोष्ट उजेडाची. हिवाळ्यात सहा-साडेसहालाच अंधार पडतो, आणि परतताना पाळीवर मिट्ट काळोख असेल तर आम्ही मुलींना तिकडे पाठवणार नाही. पक्ष्यांना दिवे त्रासदायक असतात हे मला मान्य आहे, पण दिवे नकोत एवढेच म्हणून थांबता येणार नाही, त्याला पर्याय द्यावा लागेल.

गाळमाती (इंदूर)

पाटबंधाऱ्यांच्या कामात आयुष्य गेले, म्हणून गाळाविषयी थोडे लिहितो.

तलावाची सुधारणा म्हटली की लोकांची पहिली मागणी गाळ काढण्याची असते, आणि ती चुकीची नाही. माळव्याची काळी माती पावसात सहज वाहते आणि उथळ तलाव भरत जातो. परंतु गाळ कसा काढला जातो ते पाहायला हवे. ठेकेदाराला घनमीटरप्रमाणे पैसे मिळतात, म्हणून जेसीबी जेथे सहज पोहोचतो तेथे, म्हणजे काठालाच, सर्वांत जास्त खोदाई होते. काठ उभा कापला जातो आणि तळ ताटासारखा सपाट होतो. धागाकर्त्यांनी, म्हणजे तळवाट यांनी, लिहिलेली उथळ पट्टी एका उन्हाळ्यात नाहीशी करायची असेल तर याहून सोपा मार्ग नाही.

याच कामाचा आराखडा नीट आखला तर पक्ष्यांचे भले होऊ शकते. खोदाई मधल्या भागात करावी, म्हणजे लालसरी आणि पाणकावळ्यांना खोल पाणी मिळेल आणि मे महिन्यातही माशांना थारा राहील. काठाला हात न लावता तेथून आतपर्यंत मंद उतार ठेवावा. दहा-पंधरा फूट पुढे गेल्यावर एक फूट खोली, इतका मंद असला तर उत्तम. निघालेल्या गाळाचा काही भाग तलावातच टाकून दोन-तीन उंचवटे करावेत आणि त्यांवर बाभळी लावाव्यात. भरतपूरला अशाच बाभळीच्या उंचवट्यांवर बगळे, पाणकावळे आणि चित्रबलाकांच्या वसाहती भरतात, कारण चहूबाजूंनी पाणी असल्यामुळे कुत्री आणि मांजरे तेथे सहज पोहोचू शकत नाहीत. उरलेला गाळ शेतकरी आनंदाने नेतात, तो शेतीला सोन्यासारखा असतो. मात्र शहराचे सांडपाणी ज्या तलावात आले आहे त्याचा गाळ शेतात टाकण्यापूर्वी जड धातूंसाठी तपासून घेतलाच पाहिजे.

कायद्याचा मुद्दाही निवेदनात हवा. २०१७ च्या पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांनुसार, नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतील सरासरी उच्च पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत बोटींचा धक्का सोडून कोणतेही कायम स्वरूपाचे बांधकाम करता येत नाही. प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे आणि घनकचरा टाकणे यांनाही त्याच नियमांनी बंदी आहे. निरीक्षण कुट्या लाकूड-बांबूच्या, काढता येण्याजोग्या करा. त्या स्वस्त पडतील आणि नियमातही बसतील. प्रसाधनगृह पन्नास मीटरच्या बाहेर, फाटकापाशी असावे. त्याचा मैला नाल्यात न जाता मलवाहिनीलाच जोडला जातो आहे, याची खात्री काम चालू असतानाच करून घ्या, कारण माती ओढल्यावर जोडणी कोणालाच दिसत नाही.

रामबाग (इंदूर)

आपण सगळे काठाविषयी बोलत आहात, पण पाण्याचे काय?

आजूबाजूच्या वसाहतींमधून जे नाले तलावात येतात, त्यांतून नायट्रोजन आणि फॉस्फरस येते. कपड्यांच्या साबणापासून शौचालयापर्यंत सगळीकडून ते येते. याच खतावर जलपर्णी आणि शेवाळ माजते. रात्री शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट पाण्यातला वापरते, म्हणून पहाटे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. ढगाळ हवेचे दोन दिवस लागोपाठ आले तर मेलेच समजा. हे थांबले नाही तर कुट्या बांधा, फलक लावा, त्याने काय साधणार आहे?

इंदूर २०२१ मध्ये देशातले पहिले ‘वॉटर प्लस’ शहर, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया करूनच सोडणारे शहर, ठरले. एवढे करू शकणाऱ्या शहराला एका तलावाचे नाले अडवणे अशक्य नाही. माझ्या मते निवेदनात पहिले वाक्य सांडपाण्याविषयी असावे आणि काठ त्यानंतर यावा.

तळवाट (इंदूर)

रामबाग, आपला मुद्दा इतका रास्त आहे की मी तो पहिल्या मजकुरातच घ्यायला हवा होता, असे अनेक वाचकांना वाटेल. फक्त हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे मला वाटत नाही. नाला तलावात शिरतो ती जागा उताराच्या बाजूलाच असते. तेथे काँक्रीटची वाहिनी घालून पाणी थेट तलावात सोडले, तर गाळ आणि घाण दोन्ही सरळ आत जातात. त्याच जागी पाणी आधी एका थांबवण-कुंडात अडवले, त्यातला कचरा आणि गाळ खाली बसू दिला, आणि मग ते पाणकणीस, वाळा, लव्हाळा आणि कर्दळ लावलेल्या उथळ पट्ट्यातून सावकाश जाऊ दिले, तर या वनस्पतींची मुळे आणि मुळांवरचे जिवाणू बरेचसे पोषकद्रव्य शोषून घेतात. मोठ्या शुद्धीकरण प्रकल्पाला हा पर्याय नव्हे. मैला प्रकल्पातच गेला पाहिजे. पण पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर रस्त्यांवरचे जे काही वाहून येते ते कोणत्याच प्रकल्पात जात नाही, आणि त्याच्यासाठी असा पट्टा लागतो. तो दरवर्षी कापून बाहेर न्यावा लागतो, नाहीतर वाढलेली झाडे तेथेच कुजून सगळे पुन्हा पाण्यात सोडतात. म्हणजे यासाठी यंत्रापेक्षा माळी हवेत, आणि त्यांच्या पगाराची तरतूद दर वर्षाची हवी.

धारनाका ताई, फाटकापासून पहिल्या कुटीपर्यंत पक्की, रुंद, उतार जपलेली वाट असावी आणि त्या कुटीत एक फट बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला असावी, ही गोष्ट मी आराखड्यात आत्ताच घालत आहे. त्यापुढची वाट मुरमाची ठेवू. दिव्यांसाठी गुडघ्याएवढ्या उंचीचे, खाली वळवलेले, पिवळसर उजेडाचे दिवे फक्त त्या पक्क्या वाटेवर आणि वाहनतळावर लावता येतील, आणि बंद होण्याच्या वेळेनंतर ते विझतील. उंच खांबांवरचे पांढरे दिवे पाण्यावर पडतात आणि कीटकांना तेथून ओढून नेतात, मुख्य हरकत त्यांना आहे.

कमळपान (इंदूर)

वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि पावसाळ्यात सिरपूरला जाणाऱ्या थोड्या लोकांपैकी मी एक आहे. बहुतेक चर्चा हिवाळ्याची होते, कारण पाहुणे पक्षी तेव्हा येतात. येथल्या रहिवाशांचा संसार मात्र जून ते सप्टेंबरात असतो.

लांब शेपटीच्या कमळपक्ष्याचे घरटे दुर्बिणीतून नीट पाहिले तर काळजीत पडायला होते. तरंगत्या पानांवर ओल्या देठांचा एक विस्कटलेला ढीग, तोही निम्मा पाण्याखाली, आणि त्यावर चार तकतकीत तपकिरी अंडी. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडी उबवायची आणि पिल्ले सांभाळायची सगळी जबाबदारी नर घेतो. पाऊस जोराचा आला की तो पंख किंचित फुलवून अंड्यांना अंगाशी ओढून घेतो. पाणी चढले तर अंडी एकेक करून चोचीने दुसऱ्या पानावर ढकलत नेतो. एखादी बोट वीस-पंचवीस फुटांवरून गेली, तरी तिच्या लाटेने हे सगळे हलते. नौकाविहार नको असे धागाकर्त्यांनी एका ओळीत लिहिले आहे. त्या ओळीमागे हे आहे.

जलपर्णीविषयी सावधपणे बोलावे लागेल. ही दक्षिण अमेरिकेतून आलेली वनस्पती आहे आणि अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते, म्हणून ती काढलीच पाहिजे. परंतु एका आठवड्यात यंत्र लावून सगळे पाणी मोकळे केले, आणि तेही जुलैत, तर जांभळी पाणकोंबडी, वारकरी, टिबुकली आणि कमळपक्षी यांची घरटी त्याच ढिगाऱ्याबरोबर ट्रॉलीत जातात. काम फेब्रुवारीअखेरीपासून मेपर्यंत, टप्प्याटप्प्याने व्हावे, आणि मोकळ्या झालेल्या काही भागात कमळ, कुमुद आणि शिंगाडा यांना वाव द्यावा, म्हणजे घरट्यांना आधार राहील. काढलेली जलपर्णी काठावर रचून ठेवू नये. कुजणाऱ्या सेंद्रिय ढिगाऱ्यांमध्ये आणि मेलेल्या प्राण्यांमध्ये बोटुलिझमचे, म्हणजे पक्ष्यांना लुळे करणाऱ्या विषबाधेचे, जिवाणू वाढतात. २०१९ च्या नोव्हेंबरात राजस्थानातील सांभर सरोवरावर हजारो पक्षी याच विषाने मेले, हे विसरता येणार नाही. काढल्या दिवशीच ती खतासाठी बाहेर गेली पाहिजे.

जलपर्णी खाणारे भुंगे भारतात १९८० च्या दशकातच आणले गेले, आणि आपल्याच राज्यात जबलपूरला तण संशोधनाची केंद्रीय संस्था आहे जिने या विषयावर काम केले आहे. तिचा सल्ला घ्यावा, असे निवेदनात नक्की लिहा. बेशरमाच्या झुडपांचाही उल्लेख हवा. ती काठावरच्या चिखलात शिरतात आणि चिखलपक्ष्यांची जागा खाऊन टाकतात. ती मुळासकट काढली नाहीत तर पुढच्या पावसात पुन्हा उभी राहतात, कारण तुटलेला प्रत्येक तुकडा रुजतो.

राजवाडा_पायथा (इंदूर)

कमळपान ताई, हे वाचून पावसाळ्यात यायची इच्छा झाली.

एक छोटी सूचना. पाळीवरून माशांना कणकेच्या गोळ्या, ब्रेड आणि शेव टाकण्याची सवय आपल्या लोकांना आहे. पुण्य म्हणून करतात, त्यांना रागावून उपयोग नाही. न खाल्लेली कणीक तळाशी कुजते, आणि काठावर पडलेल्या खाण्याला भटकी कुत्री येतात. हीच कुत्री मग टिटवीची अंडी खातात, कारण टिटवी उघड्या जमिनीवर चार खड्यांमध्ये अंडी घालते. फाटकावरच कोणीतरी हात जोडून समजावून सांगणारे हवे. कुत्र्यांसाठी २०२३ च्या पशु जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि खाऊ घालण्याची ठरावीक जागा, ती तलावापासून दूर, एवढे झाले तरी फरक पडेल. संक्रांतीच्या आधी आणि नंतर झाडांवर अडकलेला मांजा काढण्याची मोहीमही दरवर्षी ठरलेली असावी. नायलॉन मांजावर बंदी आहे, पण झाडांच्या शेंड्यांवर तो वर्षभर लटकत राहतो.

सुरसागर (बडोदे)

बडोद्याहून लिहितो आहे. आमच्याकडे डभोईच्या बाजूला सयाजीराव महाराजांच्या काळात सिंचनासाठी बांधलेला वढवाणा तलाव आहे. त्याला २०२१ मध्ये रामसर दर्जा मिळाला. हिवाळ्यात तेथे राजहंसांचे मोठे थवे उतरतात आणि रविवारी माणसांचेही.

आमच्या अनुभवातून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली अशी, की वढवाण्याचे राजहंस केवळ तलावावर जगत नाहीत, ते आसपासच्या शेतांत चरायला जातात आणि विश्रांतीला पाण्यावर परततात. सिरपूरच्या भोवतीची शेते आता शहरात गेली आहेत. तेव्हा तुमच्या पक्ष्यांचे आजूबाजूचे चराऊ क्षेत्र कोणते उरले आहे, ते यशवंतसागर आणि इंदूरच्याच बिलावली तलावासह एकत्र पाहावे लागेल. सारस क्रौंचासाठी प्रसिद्ध असलेले यशवंतसागर आणि सिरपूर ही दोन्ही तुमच्या परिसरातली महत्त्वाची पक्षिक्षेत्रे मानली जातात. एकावर गर्दी झाली की पक्षी दुसरीकडे जातात. दोन्हींवर एकाच दिवशी गणना झाली नाही तर पक्षी घटले की नुसते हलले, हे कळणार नाही.

दुसरी गोष्ट मार्गदर्शकांची. तलावाकाठच्या वस्तीतल्या तरुणांना दुर्बीण आणि प्रशिक्षण दिले, आणि पाहणाऱ्यांनी त्यांना ठरलेले मानधन दिले, तर तलावावर लक्ष ठेवणारे डोळे वाढतात. मासेमारीवर ज्यांचे पोट आहे त्यांनाही यात प्रथम संधी असावी. त्यांच्याशी बोलल्याशिवाय जाळ्यांवर बंदी घालण्याची मागणी कृपया करू नका. रात्री लावलेल्या जाळ्यांत बुडी मारणारी बदके अडकतात हे खरे आहे, पण हिवाळ्याचे चार महिने जाळी ठरावीक भागातच आणि दिवसाच लावण्याचे ते स्वतःहून मान्य करू शकतात.

किल्लादार (ग्वाल्हेर)

माझे मत थोडे वेगळे आहे, आणि ते तळवाट यांच्या ‘त्या बाजूला कोणीही जाऊ नये’ या वाक्याविषयी आहे.

भरतपूर आम्हाला जवळ आहे, म्हणून तेथला इतिहास ठाऊक आहे. केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये तेथे म्हशींच्या चराईवर बंदी घातली गेली. त्यातून गावकरी आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला, त्यात माणसे मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून असे दिसले, की म्हशी गेल्यावर पाण्यातले गवत बेसुमार वाढले, मोकळे उथळ पाणी कमी झाले आणि बदकांसाठी परिस्थिती सुधारण्याऐवजी बिघडली. बंदी ज्यांनी घातली त्यांचा हेतू शुद्ध होता. म्हशी त्या पाणथळीत शतकानुशतके चरत आल्या होत्या आणि गवत खाऊन, तुडवून उथळ पाणी मोकळे ठेवत होत्या, हे मात्र ध्यानात घेतले गेले नाही.

तेव्हा उताराची बाजू पूर्णपणे बंद करण्याआधी तेथे आज कोण जाते, कशासाठी जाते आणि त्याने काय घडते, याची एक वर्षभर नोंद व्हावी. एप्रिल-मेमध्ये मोजक्या म्हशी ओसरलेल्या भागात चरल्या तर पाणकणसाचे रान आटोक्यात राहील. पर्यटकांची बंदी आणि गुराख्याची बंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तळवाट (इंदूर)

किल्लादार, भरतपूरचे उदाहरण फार महत्त्वाचे आहे आणि ते वाचून मी प्रस्तावातला तो भाग बदलत आहे. नवी मांडणी अशी: ऑक्टोबर ते मार्च उताराच्या बाजूला पर्यटक व छायाचित्रकारांना मज्जाव; चराई आणि चारा कापणे यांवर सध्या कोणतीही नवी बंदी नको; आणि वर्षभराच्या नोंदीनंतर पाहणाऱ्या मंडळींनी, गुराख्यांनी आणि मासेमारांनी एकत्र बसून ठरवावे. म्हशींच्या शेणाने पोषकद्रव्ये वाढतील अशी शंका काहींना येईल; पण जे गवत त्या खातात ते तलावातच कुजले असते, हे ध्यानात घ्यावे.

सुरसागर यांनी सुचवलेली एकाच दिवशीची गणना लगेच सुरू करता येईल, तिला कोणाची परवानगी किंवा निधी लागत नाही. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होतेच. तिच्या जोडीला नोव्हेंबर, मार्च आणि ऑगस्ट असे महिने घेऊ. कमळपान ताईंनी ऑगस्टची जबाबदारी घ्यावी अशी विनंती आहे. घरट्यांजवळ न जाता, पाळीवरूनच ती व्हावी. नोंदींमध्ये पाण्याची पातळीही लिहू, म्हणून गाळमाती काकांना विनंती आहे, की पाळीवरच्या एखाद्या दगडावर खुणेची पट्टी कशी रंगवायची ते त्यांनी सांगावे.

रामबाग, निवेदनात सांडपाण्याचा परिच्छेद पहिला घेतला आहे.

गाळमाती (इंदूर)

पट्टी दगडावर रंगवू नका, पहिल्याच पावसाळ्यात शेवाळ धरते आणि आकडे दिसत नाहीत. एनॅमलचा पत्रा मिळतो, सेंटीमीटरच्या खुणा असलेला. तो सांडव्याजवळ उभ्या खांबावर बसवायचा आणि सांडव्याची पातळी शून्य धरायची. परवानगीचा अर्ज मी लिहून देतो. नोंद दर सोमवारी सकाळी एकाच माणसाने घ्यावी.

धारनाका (इंदूर)

सोमवारची नोंद मी घेते, घर पाच मिनिटांवर आहे.

निवेदन मराठीत तयार झाले की मला पाठवा. आमच्या वस्तीत सह्या घ्यायच्या तर ते हिंदीतही लागेल, आणि शेजारच्या शाळेतल्या शिक्षिका उर्दूतही करून देतो म्हणाल्या आहेत. मासेमारी करणाऱ्या दोन घरांतल्या बायका माझ्या ओळखीच्या आहेत. जाळ्यांविषयीचा परिच्छेद लिहिण्याआधी त्यांच्याशी बोलते आणि ते काय म्हणतात ते येथे कळवते. तोवर तो परिच्छेद कोरा ठेवावा.